तुळशीच्या लग्नाच्या आधीची तिथी

—नाही, ते तुळशीचं लग्न होईतोवर थांबा, हे मला सांगू नका, नीलकंठ गुरुजी. चातुर्मास आहे, देव झोपलेत, मुहूर्त नाही — ठाऊक आहे! झाशीत जन्मलो म्हणून काय घरची रीत विसरलो? पंचांग पुन्हा उघडा. माझ्या बकुळचं लग्न याच महिन्यात लावायचंय. मुलाकडचे सागर गावचे, त्यांना मी बघून घेईन. घाई कसली म्हणता? पोरीबद्दल भलतं मनात आणाल तर याद राखा.

हळू बोलू? हळू बोलता येत नाही मला. उभा जन्म वाफेच्या इंजिनावर गेला, कान तिथंच राहिले. बकुळची आई आत पडलीय, खोकतेय — तुम्हाला ऐकू येत असेल, मला नाही. दमा? कुठला दमा हो! दमा हे आम्ही घरात ठरवलेलं नाव. फुफ्फुसाभोवती पाणी साचलं होतं. सदर बाजारच्या डॉक्टरनं पाठीत सुई घालून बाटलीभर काढलं, तर संध्याकाळी बाईसाहेब उठून बसल्या, पोळी मागितली — झालं, आमचे चिरंजीव बडा बाजारातून पेढे घेऊन आले. पाणी निघालं, रोग निघाला! गाढव. मीही खाल्ला पेढा, मीही गाढव. पंधरवडा गेला नाही तोच पुन्हा भरलं. आणि ते काढलेलं पाणी तपासायला धाडलं होतं, त्यात निघाला कॅन्सर. कोळसा जन्मभर मी खाल्ला, बिड्या मी फुंकल्या, आणि फुफ्फुस हिचं जावं? हा कुठला न्याय?

डॉक्टरला विचारलं, किती दिवस? तर म्हणे, "दादाजी, सबका अलग-अलग होता है." म्हटलं, भैया, स्टेशनवर मी गाडीचा टाइम असा सांगितला असता तर लोकांनी जोडे मारले असते. तेव्हा चष्मा पुसत बोलला — या रोगाचं पाणी छातीत उतरलं म्हणजे तो फार पुढे गेलेला असतो, "महीनों की बात है, सालों की नहीं." महिने म्हणजे किती? एखादा जास्तही काढतो म्हणे, एखादा नाही. पाणी काढत राहायचं, तेवढाच मोकळा श्वास. तो तारीख देईना, तुम्ही तिथी देईनात!

तिला एकच हवंय — कन्यादानाला माझ्या शेजारी पाटावर बसायचं. ती गेली की तुम्हीच मला उठवाल, विधुराला बसता येत नाही म्हणून, अन् भाऊ-वहिनीला बसवाल. बसवा! मला तरी कुठं तिच्यावाचून — ते राहू द्या. तिला यातलं काही ठाऊक नाही. कुणी बोलायचं नाही, असा दम दिलाय मी सगळ्यांना —

मागे काय बघताय?

अगं, उठलीस कशाला? भिंत धर. कधीची उभी आहेस? ...काय? मोठ्यानं बोल. गुरुजी, काय म्हणाली ती? तोंड शिवलं का तुमचं, सांगा की!

...परवा?

परवा म्हणते. सागरचे यायला एक दिवस तरी हवा, म्हणते.

बरं. मी तार करून येतो. तुम्ही आता जा, गुरुजी. पंचांग घरी ठेवा. परवा नुसते मंत्र घेऊन या.