भिंतीआड गेलेली शेळी

सन्माननीय अध्यक्ष चिमाजीअण्णा, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या अश्विनीमॅडम, सर्व गुरुजन, गुंजवण्यातून आणि वरच्या वाड्यांवरून आलेल्या मायबहिणी, बांधव आणि पुढं सतरंजीवर चुळबूळ करणारी बालमंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी गेनू. दुधाचा टेम्पो चालवतो. अण्णा म्हणाले, ‘दोन शब्द बोल,’ तेव्हा पहिला विचार आला, मलाच का? या गावात मला कुणी आदरानं बोलावलं की मी आधी मागं वळून बघतो. का, ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात वरच्या वाडीतून शेळ्या नाहीशा होऊ लागल्या. साळूबाईंच्या दोन गेल्या. बिबट्याचा माग नाही, रक्ताचा थेंब नाही. मग नजर माणसावरच जाणार ना? आणि पहाटे गावात फिरणारी गाडी कुणाची? माझी. कॅन चढवताना लोक मागच्या हौद्यात डोकावू लागले. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं. ते जास्त टोचत होतं.

त्याच दिवसांत मॅडमनी चौथीच्या मुलांना संगणकावर चित्रं हलवायला शिकवलं. रंगीत ठोकळे असतात, त्यांवर मराठीतच हुकूम लिहिलेले. ते एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं पात्र तसंच चालतं, वळतं, बोलतं. गावाला याचाही संशय होताच. ‘पोरं शिकत्यात का खेळत्यात?’ मॅडमनी मुलांना आपापली घरं काढायला लावली, तेव्हा तर काहींना वाटलं, हा धरणाचाच नवा सर्व्हे. एकदा धरणानं उठवलेली माणसं आपण. परका माणूस घराकडं बोट दाखवू लागला की आपण आधी दार लावून घेतो. त्यात नवल काय?

प्रजासत्ताकदिनी वर्गात अंधार करून मुलांची चित्रं भिंतीवर दाखवली. राजनंदिनीचा नंबर आला. वरच्या वाडीतली ही गुणी पोर. पडद्यावर एक माणूस आला, डोक्याला लाल माकडटोपी. त्याच्यामागं शेळी. दोघं एका भिंतीआड गेले. पलीकडून माणूस बाहेर आला. एकटाच. चित्र संपलं.

मंडळी, लाल माकडटोपी गावात एकाच्याच डोक्याला असते. त्या दिवशीही होती.

टाळी वाजली नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडं जाऊन बसले. साळूबाई मोठ्यानं म्हणाल्या, “लेकरू खोटं दावंल व्हय?”

दुसऱ्या दिवशी बऱ्याच घरांनी दूध दिलं नाही. नळावर माझ्या बायकोशी कुणी बोललं नाही. आता संशय घ्यायची पाळी माझी. पोरीला पढवलं कुणी? वाडीनं, का या मॅडमनीच? मी तणतणत शाळेत गेलो. “मॅडम, हे काय शिकवताय? माणसाला चोर ठरवायला?”

मॅडमनी आवाज चढवला नाही. राजनंदिनीला बोलावलं. “तुझे ठोकळे उघड बाळा, गेनूमामांना वाचून दाखव.”

पोर घाबरत वाचू लागली. माणूस चालतो. शेळी मागून चालते. भिंत आली, शेळी ‘लपवा’. माणूस पुढं चालतो. आणि ती थांबली. “मॅडम, ‘दाखवा’ लावायचं राह्यलं!”

मी विचारलं, “शेळी जाणार कुठं होती गं?”

“पानी पिऊन भाईर येनार व्हती. भिंतीमागं हौद हाय. मामा, आमची चुकलेली शेळी तुमी पानी पाजून घरी आनली व्हती न्हाई का? त्येच काडलंय म्या.”

मी तिथंच मुलांच्या बाकावर बसलो.

मॅडमनी गाव परत बोलावलं आणि दुरुस्त केलेलं चित्र दाखवलं. शेळी बाहेर आली. संशय मिटला? छे! साळूबाई म्हणाल्या, “आता बदाललंय. बाईनं सांगितलं आन् पोरीनं शेळी काडली भाईर.” मागून बऱ्याच जणांनी हुंकार भरला.

मॅडमनी साळूबाईंनाच संगणकापुढं बसवलं. “हा ठोकळा तुमच्या हातानं काढा.” काढला, शेळी गायब. “आता लावा.” लावला, शेळी हजर. साळूबाईंनी परत काढला, परत लावला. कितीतरी वेळ तेच चाललं होतं. मग पडद्याकडं बघतच म्हणाल्या, “माज्या शेळ्यांचा ठोकळा कुठं गावतोय का, बगा की.”

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या शेळ्या आजवर सापडल्या नाहीत. म्हणून या मांडवातही माझ्याकडं तिरकं बघणारे आहेत. नावं घेत नाही, नजरा ओळखतो. पण दूध परत मिळू लागलंय, साळूबाईंचंही.

मघाशी चहा घेताना मी मॅडमना विचारलं, “शेळी नेली का, असं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. एवढा विश्वास कसा काय?”

त्या म्हणाल्या, “विश्वास कुठला, गेनूभाऊ? शंका मलाही आली होती. म्हणून तर आधी ठोकळे उघडायला लावले.”

खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. शंका अख्ख्या गावाला आली. उघडून बघायला या एकट्याच बसल्या.

मॅडम, त्याबद्दल आभार. अण्णांनी मला उभं केलं, तुम्ही सगळ्यांनी निमूट ऐकलंत, तुमचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर गाडीवाल्याचं बोलणं समजून पोटात घाला. नमस्कार.