वर्गातला फोन

दवाखान्याच्या बाकावर गवंडी नंबरची वाट बघत होता. त्याच्या पाठीमागे एक भाऊ आणि त्याची मास्तरीण बहीण बोलत होते.

"ताई, किती फोन लावले तुला! आई शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती."

"फोन पोरांकडे होता रे. शाळेत नेट तेवढ्यावरच चालतं. त्यांना धडा लावून दिला आणि मी शेजारच्या वर्गात शिकवत होते."

"मग त्यांनी तुला हाक मारायची नाही?"

"फोन आला की धडा अडकतो. कापायला मीच शिकवलं होतं."

गवंड्याचा नंबर पुकारला. त्याने शेजारच्याला पुढे जाऊ दिलं.

"तास संपल्यावर पोरं धावत आली. म्हणाली, बाई, सारखा फोन येत होता, पण आम्ही धडा अडकू दिला नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"शाबास म्हणाले."