गरम झाली की बंद पडते

तसं नाही सर, गाडी तयार नाही असं म्हणालो मी, होणारच नाही असं कुठं म्हणालो — बसा ना, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, इकडे खुर्चीवर बसा. तीन आठवडे झाले, मान्य आहे. एकवीस दिवस, बरोबर, तुम्ही मोजणारच. पण एकोणीस वर्षांची गाडी आहे सर, हिचे पार्ट आता दुकानात टांगलेले नसतात, मागवावे लागतात, मग चुकीचा येतो, परत पाठवा, परत वाट बघा. पंप गेलाय. पेट्रोलचा, टाकीतला. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं करून आवाज यायचा ना, तो येत नाही. थांबा, मी फिरवून दाखवतो. बघितलंत? स्टार्टर फिरतोय, इंजिन उचलत नाही. पंपच, दुसरं काय असणार.

फ्यूज? बघितला की फ्यूज. म्हणजे काय, न बघता सांगेन का तुम्हाला? टेक्निकलला पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतंत — हवा, इंधन, ठिणगी — आणि म्हणालात, तिघांतलं कोण रुसलंय ते कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. अख्ख्या वर्गात मी एकटा हातात पाना घेऊन उभा. धांदल्या म्हणालात मला, ते जे चिकटलं ते चिकटलंच, आमच्या घरीसुद्धा आता तेच म्हणतात — उठताय कशाला सर, कपडे खराब होतील, बॉनेट मी उघडतो ना, जरा वेळानं. वाजू दे तो फोन. गिऱ्हाईक आहे. नाही घेत आत्ता, करतील ताई परत. ताई म्हणजे — आहे एक गिऱ्हाईक, सगळे ताईच म्हणतात त्यांना. पाणी देऊ का?

काय म्हणालात? त्या दिवशी चौकात बंद पडली तेव्हा पंपाचा आवाज येत होता? तुम्ही कान देऊन ऐकलात? तुम्ही ऐकणारच म्हणा. आणि अर्ध्या तासानं आपली आपण चालू झाली. हं. मग पंप कसा, असं विचारताय. कधी कधी पंप दगा देतो सर, तापला की... नाही, आवाज येत होता म्हटल्यावर — नाही, तुमचंच बरोबर आहे. पंप नव्हताच तो. आता तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही अजून, सांगून इथं कळणार कुणाला. गार असताना झकास चालायची. पंचवीस मिनिटं झाली, इंजिन तापलं, की ना आचके, ना खोकणं, फट्दिशी बंद. दुसऱ्या कुणी प्लग बदलले असते, मग कॉइल बदलली असती, शेवटी टाकी खाली उतरवली असती. मी काही म्हणजे काही बदललं नाही. जागेवर चालू ठेवली, शेजारी चहा घेऊन बसलो, आणि मेली तसा लगेच प्लग काढून बघितला. ठिणगी नाही. मग स्टार्टर मारताना काट्याकडे बघितलं, इंजिनच्या फेऱ्या दाखवतो त्या — शून्यावर. इंजिन फिरतंय आणि काट्याला पत्ताच नाही. म्हणजे कोण? फेऱ्या मोजणारा सेन्सर. तापला की झोपतो, गार झाला की जागा होतो. पण खात्री? बाटलीभर गार पाणी नेमकं त्याच्यावर ओतलं आणि चावी मारली. एका दमात चालू. तुम्ही हवे होतात सर तिथं. मी रिकामी बाटली हातात धरून एकटाच हसत उभा. दोन दिवसांत नवा सेन्सर आला, बसवला, भर दुपारी दोन तास फिरवली, एकदाही —

हो. गाडी नीट होऊन अठरा दिवस झाले.

ते फ्यूजच्या डब्याचं झाकण नका उघडू सर, ती जागा रिकामीच आहे. हा बघा पंपाचा फ्यूज, खिशात आहे माझ्या. रोज सकाळी शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात. ताईंवर रागावू नका. मुलगीच आहे ती तुमची, तिनं फक्त फोन केला — दादा, बाबांची गाडी एवढ्यात देऊ नका, काहीतरी कारण सांगा. मी नाहीच म्हणणार होतो. पण मागच्या महिन्यात मीही बसलो होतो ना तुमच्या शेजारी, ब्रेक बघायला. शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ती बाई, कडेवर मूल. तुम्ही वेग कमी केलाच नाहीत. ती मागं सरली म्हणून, नाहीतर... आणि तुम्ही म्हणालात, ब्रेक ठीक वाटतोय रे. मीही म्हणालो, ठीक आहे सर. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुम्हाला मी काय सांगणार, माझी टाप आहे का. म्हणून ताईंचा फोन आला तेव्हा सुटल्यासारखं झालं मला, खोटं कशाला बोलू. पण चांगली झालेली गाडी बिघडली म्हणून उभी ठेवायची, हे काही जमत नाही मला. तीस वर्षांत कुणाला खोटा बिघाड सांगितला नाही, आणि सांगितला तो तुम्हाला.

काकूंचं माहीत आहे सर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, भाड्याच्या गाडीत त्यांना मळमळतं, तुम्ही चालवत असलात की डोळा लागतो त्यांचा. सगळं माहीत आहे. पण त्या झोपलेल्या असतात तुमच्या शेजारी, हेच तर म्हणतोय मी. सोमवार, बुधवार, शनिवार मी सोडतो, ही चालवेन, अगदी तुमच्यासारखी सावकाश. उपकार कसले त्यात. नको? बरं. नको तर नको. गाडी तुमची आहे, मी कोण अडवणार. हा बसवला फ्यूज. या, बसा, मारा चावी. बघा, कशी उचलली. आवाज ऐका, कुठं एक ठोका चुकत नाही.

एकच काम करा, निघायच्या आधी. रागावा हवं तर. समोर, रस्त्यापलीकडं, दुकानावरचा बोर्ड वाचून दाखवा मला. इथूनच. घाई नाही.

लेडीज टेलर, म्हणताय.

सर, शिंपी जाऊन वर्ष झालं. औषधांचं दुकान आहे तिथं. हिरवा बोर्ड आहे, हातभर अक्षरं आहेत. मी चेष्टा नाही करत सर. चष्मा पुसून परत बघता का? नको? बरं, राहू दे. मी काही म्हणत नाही. मी फक्त —

अरे, बंद कशी पडली? पडायला नको, सेन्सर नवा आहे, मी दोन तास स्वतः फिरवली, थांबा, बॉनेट उघडतो —

अच्छा. तुम्ही बंद केलीत, सर.