तिसरीत यंदा पक्षी आहेत!

नाही, तुम्हीच सांगा! एक माणूस वर्षभर सूड जपतो, लोणच्यासारखा मुरवतो, आणि ऐन उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी, ऐन पाचच्या सुमाराला, आठ वर्षांची नात गच्चीवर शिट्टी फुंकते... फुर्रर्र! 'दादा, पतंग उतरवा!' का? तर तिसरीत यंदा पक्षी आहेत!

सूड हा शब्द मी तोलून वापरतोय बरं का. राग येतो आणि जातो. सूड मुक्कामाला येतो. गेल्या उत्तरायणाला समोरच्या गच्चीवरच्या धनसुखभाईंनी माझे नऊ पतंग कापले. नऊ! कापले तर कापले, खेळ आहे. पण दर पतंगामागे त्यांचं अख्खं घर 'काप्यो छे!' म्हणून थाळ्या बडवत होतं, आणि संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे जिलबी पाठवली. तिच्यावर झाकण कशाचं? माझ्याच नवव्या पतंगाचं! याला पराभव म्हणत नाहीत, मानहानी म्हणतात. मी त्या जिलबीला शिवलो नाही. एकच खाल्ली, तीही रागानं.

म्हणून यंदा मांजा समोर उभं राहून सुतवून घेतला. कारागीर म्हणाला, 'रमणीककाका, पतंग उडवायचाय की शस्त्रक्रिया करायचीय?' खंभातहून पतंग आणले, एकेकाची कणी स्वतः बांधली... आणि इकडे शाळेत तृप्तिबेन काय शिकवत होत्या? पक्षी! भाषेत पक्ष्यांच्या कविता, गणितात तळ्यावरचे बगळे मोजून त्यांचा स्तंभालेख, हस्तकलेत खोक्याला भोकं पाडून जखमी पारव्यांचा दवाखाना, आणि पत्रलेखनाचा विषय? 'कबुतराचे आजोबांस पत्र'! आमच्या हेत्वीनं मोठ्यानं वाचून दाखवलं: 'तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. आपल्या मांज्याने माझ्या काकांचा पंख कापला. बाकी सर्व क्षेम.' कबुतराला काका! आणि बाकी सर्व क्षेम!

मी शाळेत गेलो. म्हटलं, 'बेन, पक्षी अवश्य शिकवा, पण पुस्तकातले शिकवा ना!' तर किती गोड आवाजात म्हणाल्या, 'रमणीकदादा, पुस्तकातले पक्षी संध्याकाळी घरी कुठे परततात?' याला उत्तर आहे? असेल तर मला कळवा.

वर्गात मुलं चौतीस. प्रत्येकाला एक शिट्टी, एक वही आणि आपापल्या घराची गच्ची! सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग खाली, कारण ती पाखरांची जाण्यायेण्याची वेळ. नियम मोडेल त्याचं नाव वर्गाच्या भिंतीवर. माझं नाव, भिंतीवर! का? तर तिसरीत यंदा पक्षी आहेत!

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. सकाळीच घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं मागे केली. साडेचारपर्यंत धनसुखभाईंचे नऊ पतंग कापले, फिटंफाट झाली. पण फिटंफाट म्हणजे सूड नव्हे हो, ती नुसती परतफेड! सूड दहाव्यात असतो. त्यांचा काळा पतंग वर चढला, पेच लागला, मी ढील देतोय, ते ढील देताहेत, दोन्ही गच्च्यांवर कुणी श्वास घेत नाही... फुर्रर्र!

'हेत्वी, अगं घड्याळ बघ! वीस मिनिटं आहेत अजून!'

'घड्याळ कशाला दादा? ते बघा.'

साबरमतीवरून बगळ्यांची रांग परतत होती. आता बगळ्यांचे काटे मी कसे मागे फिरवू?

ती कठड्यावरून ओरडली, 'धनसुखदादा, तुम्हीसुद्धा!'

'हो बेटा, पण आधी तुझ्या दादांना सांग!'

'आधी तुम्ही!' मी.

'तुम्ही लहान, तुम्ही आधी!'

'लहान? अहो, चार महिन्यांनी!'

'गप्प! दोघांनी बरोबर,' हेत्वी म्हणाली. 'एक, दोन, तीन!'

आम्ही दोघं गुंडाळायला लागलो, दोरा दोऱ्यावर घासला, आणि... त्यांचा कापला! दहावा! मी छाती भरून घेतली, 'काप्यो...' आणि एक चिमुकला हात माझ्या तोंडावर. 'दादा, ओरडायचं नाही. पाखरं घाबरतात.' अहो, वर्षभर मुरवलेली आरोळी! गिळली मी ती. अजून पचलेली नाही.

एवढ्यावर थांबेल तर ती तृप्तिबेनची विद्यार्थिनी कसली? 'पाचनंतर जो कापेल, त्यानं तुटका मांजा गोळा करायचा. वहीत लिहिलंय.' मांजा लटकला होता कुठे? धनसुखभाईंच्या गच्चीवर वाकलेल्या कडुलिंबावर! अंधार पडेपर्यंत मी बांबू घेऊन त्यांच्याच गच्चीवर त्यांचाच मांजा सोडवत होतो, आणि ते खुर्चीत बसून, तोंडात उसाचं कांडं, 'रमणीकभाई, डावीकडे थोडा राहिला हं!' का? तर तिसरीत यंदा पक्षी आहेत!

पण थांबा. पुढच्या महिन्यात तिसरीत पक्षी संपतात आणि पाणी सुरू होतं. आणि धनसुखभाईंची टाकी रोज सकाळी अर्धा तास वाहते! कालच मी हेत्वीला गच्चीवर नेलं, बोट दाखवलं, म्हटलं, 'लिही वहीत!' तिनं लिहिलं, तारखेसकट लिहिलं. मला कसं अगदी गार गार वाटलं. मग तिनं पान उलटलं, पेन्सिल ओठावर टेकवली आणि विचारलं, 'दादा, आपल्याकडे दाढी करताना नळ सोडून कोण ठेवतं?'

...हल्ली मी दाढी वाढवतोय.