वहीतली दुपार

— हो, बांधून देते की, पण आधी बसा दोन मिनिटं. हार्लन क्रीव्हची दोन्ही पुस्तकं घेताय, जुनं आणि नवं — म्हणजे चार वाजता त्याचं भाषण ऐकायलाच आलात ना या नॅनटकेट बेटावर? वाटलंच. अख्ख्या देशाला समुद्राचा इतिहास हाच शिकवतो म्हणे. जुन्या पुस्तकात तो ओबेड स्वेन आहे ना, देवमासे मारणाऱ्या जहाजावरचा — सकाळी सहा सोबती होडीसकट बुडाले आणि हा दुपारी कासवाचं मटण चापत गाणी म्हणत बसला — तो माझा खापरपणजोबा. मी फीबी स्वेन. वीस वर्षं झाली, वाटाडे माझ्या दारापुढे माणसं उभी करतात आणि सांगतात, हे बघा कासवखाऊचं घर. माझा भाऊ कंटाळून बेट सोडून गेला, तिकडेच मेला.

आणि धादांत खोटं आहे हो ते. जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत तारीख मध्यरात्री नाही बदलत, दुपारी बाराला बदलते, कप्तान सूर्य मोजायचा तेव्हा. म्हणजे वहीतला बारा तारखेचा दिवस सुरू झाला आपल्या अकरा तारखेच्या दुपारी — आधी दुपार, मग रात्र, मग सकाळ. कासव खाल्लं आदल्या दिवशी, माणसं बुडाली दुसऱ्या दिवशी सकाळी. इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आणि या शहाण्याने काय करावं? लिहिणारा प्यायलेला असावा म्हणून दुपार उचलून सकाळनंतर ठेवली, शिवाय खाली तशी टीप दिली. मी पत्र लिहिलं, सगळं समजावून. काय आलं उत्तर? छापील कार्ड. वाचकांच्या प्रेमाबद्दल आभारी आहे. प्रेम!

मग दोन वर्षांपूर्वी तोच आला की दारात. या दुकानाबरोबर मी इथल्या इतिहास मंडळाची जुन्या कागदांची कपाटंही सांभाळते, त्याला या वेळी दुसऱ्या एका जहाजाची, कप्तान हसीच्या जहाजाची वही हवी होती. माझं नाव ऐकूनही ओळख पटली नाही मेल्याला. मी अख्खी वही टंकून दिली त्याला — एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, फक्त तारखेबद्दल तोंड उघडलं नाही. आणि पठ्ठ्याने तेच केलं पुन्हा. म्हणे शेजारच्या जहाजाने सकाळी मदतीचं निशाण लावलं आणि हसी दुपारभर पाण्याची पिंपं भरत बसला. पिंपं आदल्या दिवशी भरली रे बाबा, निशाण दिसताच निघाला तो, पोचेपर्यंत जहाज बुडालं होतं. नवं पुस्तक सगळं त्या एका दुपारवर उभं आहे. आज मोठमोठे प्राध्यापक येणार, टीव्हीवाले येणार, मी हात वर करणार आणि एवढंच विचारणार — साहेब, वहीतला दिवस कधी सुरू होतो? त्याचं तोंड बघायचंय मला. त्यासाठी जगलेय म्हणा ना.

हसीचं कोण आहे आता? एकटी युनिस, पलीकडच्या गल्लीत. ऐंशीची आहे. पुस्तक आल्यापासून तीन महिने चर्चलासुद्धा आली नाही — मी रोज शिंपल्यांचं सूप नेऊन देते, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडते बिचारी. अं? नाही, पुस्तक खोटं आहे हे तिला नाही सांगितलं. कशी सांगू, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याच्या कानावर गेलं असतं तर त्याने पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त केलं असतं. आज चारला कळेलच की तिला. एवढं काय बघताय माझ्याकडे? मी वीस वर्षं काढली, तिने तीन महिने काढले तर काय बिघडलं...

कोण? धक्क्यावर? तुमच्या हातातली भाषणाची जाहिरात बघून म्हणाली, मी हसी? कुबडी घेतलेली, डाव्या हातात? तुम्ही उतरलात त्याच बोटीत चढली... दोन ट्रंका घेऊन. सकाळी माझे सगळे वाडगे धुऊन परत दिले तिने, मला वाटलं बरं वाटतंय तिला, उठून काम करतेय.

नाही, बोट आता परत नाही येत, संध्याकाळी सहाला येते.

तुम्ही निघा. पुस्तकं राहू द्या तिथेच, नंतर बघू. दार ओढून घ्या. मला चार वाजता पुढच्या रांगेत बसायचंय.