शेषेरावतात्यांच्या ओट्यावरचं काळं

...आता तुम्हाला सांगतो, पुसणाऱ्यानं पुसायचं तरी किती? सकाळी ओटा पुसला, झोपाळा पुसला, खिडकीचे गज पुसले, आन् दुपारी बोट फिरवावं तर बोट काळं! लातूरजवळच्या ह्या मुरुडात रस्त्याला लागून घर म्हटल्यावर धूळ यायचीच, त्याला शेषेरावतात्यांची ना न्हवती. पण धूळ कशी पाहिजे, मातीच्या रंगाची. ही काळी. मग हे काळं येतंय कुठून?

तात्या म्हणजे तंद्रीचा माणूस. शेत वाट्यानं दिलेलं, लेक आरती विष्णुपुरीला इंजिनीअरिंगला, घरात ते आन् शिवकन्याकाकू. झोपाळ्यावर बसायचं, डोळे अर्धे मिटायचे, आन् लातूरकडून गाडी आली की मनानं तिच्यात बसून निघायचं. बार्शी मागं पडायची, पुणं मागं पडायचं, घाट उतरायचा, पुढं निळंनिळं पाणी... की काकू म्हणायच्या, चहाचं पाणी झालं, उठा आता. जन्मात समुद्र बघितला न्हाई, पण रोज दुपारी तिथवर जाऊन यायचे.

पण गाड्या इतक्या भन्नाट जायच्या, की तात्यांना बसायलाच मिळायचं न्हाई हो! आत चढावं तोवर गाडी नजरेआड. मग तात्यांनी ग्रामपंचायतीत खेटे घातले, म्हशी-शेळ्या आडव्या जातेत म्हणून सांगितलं, आन् बरोब्बर आपल्या दारासमोर, लातूरकडून येणाऱ्या अर्ध्या रस्त्याला ब्रेकर टाकून घेतला. म्हशी-शेळ्यांचं निमित्त, दुसरं काय! आता ब्रेक कचकन दाबला जायचा, गाडी हळूच ब्रेकर चढायची, तात्या आरामात आत बसायचे आन् पुढचा परवास सुरू.

आन् तवापासून हे काळं! येतंय कुठून?

तात्यांनी डोळे उघडले, तर समोर मारोतीची फुटाण्याची भट्टी. भट्टीला धूर. लागला की हिशोब! आता हा मारोती कोण, तर रोज संध्याकाळी कागदात गरम फुटाणे घेऊन झोपाळ्यावर येऊन बसणारा दोस्त. दोघं फुटाणे खायचे, गाड्या बघायचे, बोलायचं काहीच न्हाई. त्याला एका शब्दानं इचारावं का न्हाई? तात्या भर चावडीवर बोलले, की ह्याच्या भट्टीनं माझं घर काळं केलं. मारोती भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गुमान भट्टी उचलून घरामागं नेली, पुढं नुसतं दुकान ठेवलं, आन् संध्याकाळचं यायचं बंद केलं.

झोपाळा एका बाजूनं मोकळा पडला, की नीट झुलत न्हाई बघा. तात्या रस्त्याकडं बघायचे, पण गाडीत काही बसवेना. समुद्र तर लांबच, बार्शीसुद्धा येईना. आन् काळं? ते चालूच. तात्या म्हणायचे, मागून येत असंल. वारं फिरलंय. काकू फडकं पिळायच्या आन् म्हणायच्या, हाव, वारंच फिरलंय.

मग सुट्टीत आरती आली. तिला कॉलेजात धुळीवरच काहीतरी प्रोजेक्ट व्हतं. बापाच्या ओट्याइतकी धूळ कुठं मिळणार? जाताना डबी भरून नेली, आन् पुढच्या खेपेला मोबाईलवर भिंगाखालचा फोटो घेऊन आली. खोडरबर घासल्यावर काळ्या वळ्या पडतेत ना कागदावर, तशा बारीक बारीक वळ्या.

"पप्पा, हे टायर हाय."

टायर झिजतं म्हणजे काही हवेत इरघळत न्हाई, तिनं समजावलं. त्याचा बारीक चुरा होतो. काही रस्त्याकडेला बसतो, काही वाऱ्यावर उडतो, पावसानं ओढ्याला जातो, तिथून मांजरेला, मांजरेतून गोदावरीला, आन् पुढं समुद्राला.

झालं! समुद्र म्हटल्यावर तात्यांचे डोळे मिटले. आपल्या जुन्या जीपचे टायर किती येळा गुळगुळीत झाले, बदलले, पण गेलेलं रबर गेलं कुठं, हे जन्मात इचारलं न्हाई. आन् ते तर केव्हाच पोचलं असंल. आपल्या आधी. तिकडं लाटांवर डुलत असंल...

"पण पप्पा, सगळ्या रस्त्यापेक्षा इथंच एवढं का?" आरती म्हणाली. "टायर लई झिजतं ते ब्रेक मारल्यावर. इथं समदे ब्रेक का मारतेत?"

काकूंनी ब्रेकरकडं बघितलं. मग तात्यांकडं बघितलं. तात्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. पण आता तिथं समुद्र न्हवता, मारोती व्हता.

उठले. चप्पल बी घातली न्हाई, रस्ता वलांडून गेले.

"मारोती, ते काळं तुझं न्हवतं. माझंच व्हतं."

मारोती फुटाणे पाखडत व्हता. पाखडतच राहिला. "ठावं हाय, तात्या. भट्टी मागं नेली तरी वैनीचं फडकं काय थांबलं न्हाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

तात्या खाली बघत म्हणाले, उद्याच पंचायतीत जातो, तो ब्रेकर उपटून टाकायला लावतो. तसा मारोतीनं सूप खाली ठेवलं. तसलं काही करू नका, म्हणाला. गाडी तिथं हळू होती, मान्सांना खिडकीतनं फुटाणे दिसतेत, तेवढ्यावर दुकान उभं हाय. उलट बार्शीकडून येणारे दुकान दिसायच्या आत पुढं निघून जातेत. तिकडल्या अंगाला बी एक टाकून घ्या की. तुमच्या शब्दाला पंचायतीत मान हाय.

तात्या हाव म्हणाले. मारोतीनं कागदात गरम फुटाणे बांधले, आन् दोघं मिळून झोपाळ्यावर आले.

आता तुम्हीच सांगा... माणूस गेलता माफी मागायला, आन् आला दुसऱ्या ब्रेकरचा शब्द देऊन!