मास्क, भंडारा आणि रक्षाक्काचा गाल

समजून घ्या म्हणं! अहो, किती समजून घ्यायचं वो माणसानं? आमची रक्षाक्का हितं बेळगावात कॅज्युअल्टीत सिस्टर हाय, मी तिच्याच ड्युटीला असते, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं तुम्हाला सांगते. खाटा भरलेल्या, स्ट्रेचरवर माणसं, खाली सतरंजीवर माणसं, आणि सिस्टर आम्ही दोघीच! तिसरी मागितली की मॅट्रन नाकातनं म्हणते, "माणसंच मिळंनात गं, जरा समजून घ्या!"

तर गेल्या आठवड्यात खानापूरकडनं टेम्पो आला. पेशंट एकटा मारुतीराव, दम्यानं ओठ निळं पडलेलं... आणि संगट अख्खी गल्ली! दवाखान्याला जाताना घर रिकामं करूनच निघायचं, आमच्याकडची रीतच न्हवं का ती? रक्षाक्कानं कोपरानं वाट काढली, सलाईन लावलं, ऑक्सिजनचा मास्क चढवला, म्हातारा जरा श्वास घ्यायला लागला... तेवढ्यात त्याची बहीण जयाबाई पुढं झाली, मास्क उचलला, आणि देवीचा चिमूटभर भंडारा घातला की वो तोंडात! अहो, ज्याला वारा गिळवंना त्याला हळद?

रक्षाक्कानं तिचा हात धरला. झालं! "देवीच्या भंडाऱ्याला आडवी येतीस व्हय गं!" म्हणून म्हाताऱ्याचा पोरगा भरमू धावला आणि खाडकन् हिच्या गालावर! वॉचमन? त्यो गर्दीला भिऊन भाईर! आणि ही? गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, आणि मशीनची नळी घालून म्हाताऱ्याच्या घशातली हळद वढायलीया! मला तर त्या भरमूला असं धरून... जाऊ दे.

डॉक्टर काय म्हणाले? "घाबरल्यात लोकं, समजून घ्या." ऑफिसातले साहेब? "कंप्लेंट कशाला, दवाखान्याचं नाव खराब होतंय, समजून घ्या!" घरात नवरा? त्यो बी त्येच! तवा मात्र तिनं राजीनामा दिला. मी रडकुंडीला आले, "आक्का, जाऊ नगंस गं, मी एकटी काय करू?" तर म्हणते, "तू बी चल की."

काल तिची शेवटची ड्युटी, आणि कालच म्हातारा चालत घरी गेला. भरमू पेढे घेऊन आला. पयला बॉक्स डॉक्टरांना, दुसरा साहेबांना... मग हिच्यासमोर येऊन हात जोडले. आम्हाला वाटलं, आता माफी मागतंय बघा. तर म्हणतोय कसं, "सिस्टर, आमची धाकटी नर्सिंग शिकलीया. हितं चिकटवा की कुठंतरी!"

रक्षाक्कानं हातमोजं काढलं, टोपलीत टाकलं.

"उद्याच धाडा," म्हणाली, "माझीच जागा मोकळी झालीया."